उंबरठ्यापलीकडचे गाव

पावसाळा सरला की गोमंतकाच्या सड्यांवरील गवत पिवळे पडते, वाळते, आणि चार महिने त्या हिरवळीआड दडून राहिलेले आमचे वैभव एकेक करून उघडे पडू लागते. रस्त्याच्या कडेची गटारे, पुलांची तोंडे, सड्यावरून गावात उतरणारी वळणे, बंद पडलेल्या चिरेखाणी, कोमुनिदादीच्या पडीक जमिनी. जेथे म्हणून दिवा नाही, घर नाही आणि विचारणारा धनी समोर उभा नाही, तेथे तेथे गाठ मारलेल्या पिशव्यांचे ढीग दिसतात. भटकी कुत्री त्या फाडतात, गुरे त्यांत तोंड घालतात, कावळे त्यांतील घाण शेजारच्या विहिरीच्या काठावर नेऊन टाकतात. सकाळी कामावर जाणारा नागरिक त्या वळणावर नाकाला रुमाल लावतो आणि 'या सरकारला काही लाज आहे की नाही' असे म्हणून पुढे जातो. त्याच वळणावर आदल्या रात्री पिशवी टाकून गेलेला इसमही बहुधा याच शब्दांत सरकारचा उद्धार करीत असतो.

आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा निघाली की बोट प्रथम बाहेरच्याकडे वळते. पर्यटक दोषी, मजूर दोषी, भाड्याच्या खोलीत राहणारा 'भायला' दोषी. पर्यटकाचा दोष नाही असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. किनाऱ्यावरील वाळूत रुतलेल्या काचा आणि सड्यावर रात्री रंगलेल्या मैफलींच्या रिकाम्या बाटल्या कोणाच्या, हे सांगायला ज्योतिषी नको. परंतु ज्या ढिगांविषयी आम्ही लिहीत आहोत त्यांची साक्ष वेगळी आहे. गाठ मारलेल्या पिशवीत भाजीची देठे, माशांची खवले, चहाचा चोथा, बाळाची लंगोटपट्टी आणि औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे एकत्र सापडतात. तिच्या शेजारी जुनी गादी, फुटलेले शौचपात्र, घर दुरुस्त करताना निघालेल्या लाद्यांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडलेल्या असतात. पर्यटक आपल्या सामानात गादी घेऊन येत नाही. ही पिशवी जवळपासच्या कोणत्या तरी नांदत्या घरातून, उजळलेल्या देव्हाऱ्याच्या आणि झाडलोट केलेल्या अंगणाच्या घरातून आलेली असते. ज्या हाताने पहाटे अंगणात सडा घातला त्याच हाताने अंधार पडल्यावर सड्यावर घाण नेऊन टाकली, अशी ही कथा आहे.

असे का व्हावे? गोमंतकीय माणूस अस्वच्छ आहे, असा आरोप त्याचा शत्रूही करणार नाही. त्याच्या घराची, अंगणाची, तुळशीवृंदावनाची नीटनेटकी मांडणी पाहून परका मनुष्य थक्क होतो. याचे उत्तर आमच्या जुन्या राहणीत आहे. ज्या काळी घराघरांत गुरे होती आणि घरामागे माड-पोफळींचे कुळागर वा निदान परसातील केळी होत्या, त्या काळी घराबाहेर टाकलेली कोणतीही वस्तू वाया जात नसे. उष्टेखरकटे गुरांपुढे जाई, शेण आणि पालापाचोळा उकिरड्यात, तेथून खत होऊन शेतात. सोडण आणि करवंट्या न्हाणीच्या चुलीत, चुलीतील राख भांडी घासायला. जेवण केळीच्या पानावर, वाण्याचे सामान कागदाच्या पुडीत, मासळी पानात बांधून. उंबरठ्याबाहेर फेकले की काम झाले, बाकीचे माती पाहून घेईल, ही समजूत त्या काळी चुकीची नव्हती. माती खरोखरच पाहून घेत असे.

पुढे वस्तू पालटल्या, हात मात्र तोच राहिला. पुडीच्या जागी पिशवी आली, पानाच्या जागी पातळ थर्माकोल, मातीच्या पणतीच्या जागी प्लास्टिकची रोषणाई. गुरे गेली, परसातील जागेवर इमारत उभी राहिली, आणि जी भूमी पूर्वी आमचे उष्टे मुकाट्याने पचवीत होती तिच्यापुढे आम्ही तिला शतकानुशतके न पचणारी वस्तू टाकू लागलो. एवढेच नव्हे, तर जी वस्तू ती आजही सहज पचवू शकते ती भाजीची देठेसुद्धा आम्ही तिला पिशवीत कोंडून देतो. बंद पिशवीत हवा जात नाही. हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्याचे खत होत नाही. त्याची दुर्गंधी होते, त्यातून काळे पाणी झिरपते आणि ज्वलनशील वायू निघतो. त्या घाणीने माखलेले प्लास्टिक, कागद आणि पुठ्ठा भंगारवालाही घेत नाही. अलग अलग ठेवल्या असत्या तर दोन्ही वस्तू उपयोगी पडल्या असत्या. एका गाठीत बांधल्यामुळे दोन्हींची घाण झाली. कचऱ्याच्या प्रश्नाचे निम्मे मूळ या गाठीत आहे.

या घाणीचा प्रवास सड्यावर संपत नाही. गोमंतकाच्या पठारांवर जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असतो. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पडणारा पाऊस तो स्पंजासारखा पिऊन घेतो आणि पायथ्याच्या गावांना झरींच्या व विहिरींच्या रूपाने परत देतो. उन्हाळ्यातही ज्या झरींचे पाणी आटत नाही त्यांचे भांडार आमचे हे उजाड दिसणारे सडेच होत. त्या सड्यावर, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या पोटात खणलेल्या चिरेखाणीत कचरा ओतणे याचा अर्थ आपल्याच विहिरीत तो सावकाशीने ओतणे असा होतो. गावकुसाबाहेर टाकलेली घाण पाण्याच्या वाटेने गावात परत येते, आणि येताना ती कोणाच्या घरची होती हे विचारीत नाही.

जे सड्यांचे तेच खाजनांचे. पूर्वजांनी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडविलेली ही शेते मानशीच्या दारांवर जगतात. भरतीला दार आपोआप मिटावे आणि ओहोटीला उघडावे अशी ती साधी, परंतु विलक्षण बुद्धीची रचना आहे. व्हाळांतून वाहत आलेले प्लास्टिक त्या फळ्यांत अडकले की दार नीट मिटत नाही आणि खारे पाणी शेतात शिरते. पणजीच्या सांतिनेज नाल्याची आणि मडगावच्या आसमंतातील साळ नदीची जी दशा आपण पाहिली ती एका दिवसात झालेली नाही. हजारो घरांनी एकेक पिशवी टाकून ती घडविली. टाकलेल्या टायरांत, करवंट्यांत, प्लास्टिकच्या पेल्यांत साचलेल्या वाटीभर पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. गुरांच्या पोटातून प्लास्टिकचे गोळे निघतात. आणि ज्यांना सड्यापर्यंत जाण्याचाही कंटाळा येतो ते परसातच आग लावतात. प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात; तो धूर प्रथम लावणाऱ्याच्याच लेकरांच्या छातीत जातो.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे असे कोणी समजू नये. गोव्याच्या विधानसभेने अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा १९९६ साली केला. त्याच वर्षी श्रीमती अलमित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्याविषयी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि तिची परिणती २००० सालच्या केंद्रीय नियमांत झाली. २०१६ साली ते नियम नव्याने करण्यात येऊन नगरपालिकांच्या हद्दीपलीकडेही नेण्यात आले. ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करावा, तो रस्त्यावर टाकू नये, जाळू नये, पुरू नये हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या हॉटेलांवर व संस्थांवर वेगळी जबाबदारी टाकण्यात आली. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाईचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरात दिला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्या निषिद्ध ठरल्या. बाजारात फेरफटका मारणाऱ्याला या बंदीचे दर्शन कितपत घडते हे वाचकांनीच सांगावे. कायद्याचे पुस्तक जाड होत गेले आणि पिशवी मात्र पातळच राहिली.

यंत्रणाही उभ्या राहिल्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २०१६ साली कचरा व्यवस्थापन महामंडळ स्थापन करण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी साळगावच्या पठारावर, जेथे किनारपट्टीचा कचरा वर्षानुवर्षे नुसता ओतला जात होता तेथे, प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. दिवसाला १०० टनांची त्याची क्षमता पुढे २५० टनांवर नेण्यात आली. ओल्या कचऱ्यातून वायू आणि वायूतून वीज असे तेथील तंत्र आहे. दक्षिणेसाठी काकोडा येथे १०० टनांचा प्रकल्प झाला. पणजीने घरोघरी वर्गीकरण करण्याची सवय इतर शहरांच्या आधी लावून घेतली आणि नागरिकांस नीट सांगितले, वेळेवर गाडी पाठविली, तर ते ऐकतात हे सिद्ध करून दाखविले.

याउलट मडगावच्या सोनसोडोचा अध्याय आहे. दशकानुदशके एकाच जागी मिसळलेला कचरा ओतीत राहिल्यास काय होते, याचा तो धडा होय. मंडळे आली आणि गेली, योजना आल्या आणि गेल्या, ढीग मात्र वाढतच राहिला. २०१९ च्या मे अखेरीस त्या ढिगाला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि आसपासच्या वस्त्यांनी तो धूर गिळला. उच्च न्यायालयाला वेळोवेळी आदेश द्यावे लागले. ज्या मडगावात १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी बंदी मोडून नागरी स्वातंत्र्याचा उच्चार केला, त्या नगराला आपल्या घरातील कचऱ्याची व्यवस्था न्यायालयाच्या धाकाशिवाय करता येऊ नये, याचे वैषम्य आम्हाला वाटते. स्वातंत्र्य नागरी होते. मग कर्तव्य तेवढे सरकारी कसे झाले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका मनोवृत्तीकडे डोळेझाक करून चालणार नाही. परकीय राजवटीत रस्ता, सडा, किनारा हे सारे 'सरकारचे' होते. त्याविषयी प्रजेला आपलेपणा वाटू नये यात नवल नव्हते. १९ डिसेंबर १९६१ रोजी ते सरकार गेले आणि ही भूमी आमची झाली. परंतु उंबरठ्यापलीकडची जमीन 'सरकारची' ही भावना मात्र आम्ही अजून सोडलेली नाही. त्याआधीच्या काळात गावकरीची परंपरा होती. बांध, मानशी, तळी, पायवाटा यांची डागडुजी गावाने मिळून करावयाची असा तिचा दंडक होता. त्या परंपरेची नावे आम्ही अभिमानाने घेतो, तिच्या सभासदत्वाचे हक्क वारसाने मागतो, आणि तिच्याच पडीक जमिनीवर पिशव्या भिरकावतो.

दुसरी मनोवृत्ती अधिक कटू आहे आणि ती आम्हा हिंदूंना विशेष लागू आहे. शुचितेची आमची कल्पना उंबरठ्याशी संपते. आत सोवळे, बाहेर काहीही चालेल. आणि बाहेरचे उचलण्यासाठी कोणी तरी जन्मानेच नेमलेला आहे, हे शतकानुशतके आम्ही गृहीत धरले. आज पालिकेच्या गाडीमागे धावणारा कामगार मिसळलेल्या पिशव्यांत उघड्या हातांनी काच, सुया आणि लंगोटपट्ट्या वेगळ्या करतो, तेव्हा त्या जुन्या पापाचीच नवी आवृत्ती निघत असते. आपल्या घरातील घाण वेगळी करण्याची आपल्याला किळस येते आणि तीच दुसऱ्याने आपल्यासाठी करावी असे वाटते, यात स्वच्छतेचा काय संबंध आहे? ज्याला अस्पृश्यतेचा विटाळ मनापासून वाटतो त्याने प्रथम आपल्या कचऱ्याचे दोन डबे करावेत.

देवधर्माच्या नावावर होणाऱ्या प्रकारांकडेही बोट दाखविणे आम्हास भाग आहे. देवाला वाहिलेली फुले पायदळी येऊ नयेत ही भावना सुंदर आहे. परंतु ती फुले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, मोटार क्षणभर थांबवून पुलाच्या कठड्यावरून मांडवीत वा जुवारीत सोडून देण्यात कोणते पावित्र्य साधते? गोमंतकाच्या चतुर्थीची माटोळी आठवावी. रानातील फळे, कंदमुळे, फुले, पाने यांनी ती सजते आणि विसर्जनानंतर तिच्यातील प्रत्येक वस्तू मातीला मिळते. देवाला निसर्गाचेच देणे दाखवून ते निसर्गाला परत करण्याचा हा संस्कार आमच्या पूर्वजांनी घरोघरी रुजविला. निर्माल्य परसातील माडाच्या आळ्यात पडले तर त्याचा अवमान होत नाही. पुढल्या वर्षीच्या नारळात ते परत येते. मंदिरांच्या समित्यांनी निर्माल्याचा एक खड्डा आपल्या आवारात खणला आणि त्याचे खत भाविकांना प्रसाद म्हणून दिले, तर शेकडो व्याख्यानांनी होणार नाही ते काम होईल.

येथपर्यंत नागरिकाचा दोष आम्ही सांगितला. परंतु केवळ नागरिकाला उपदेश करून मोकळे होणे हा सत्ताधाऱ्यांचा आवडता खेळ आहे आणि त्यात सामील होण्याची आमची इच्छा नाही. रात्री पिशवी घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला तसे करण्याची हौस असते असे नाही. कित्येक पंचायतींत गाडी आठवड्यातून एकदा येते, ती केव्हा येईल याचा भरवसा नसतो, आणि आली तरी ती फक्त सुका कचरा उचलते. सदनिकेच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, नवरा-बायको दोघेही सकाळी आठला घर सोडणाऱ्या कुटुंबाने माशांची खवले आठवडाभर कोठे ठेवावीत? भाडेकरूला परसही नाही आणि मतही नाही. त्याची आठवण पंचायतीला फक्त शिव्या देताना होते. जुनी गादी, मोडके कपाट, घरदुरुस्तीचा राडारोडा कोठे न्यावा याचे उत्तर किती पंचायतींकडे आहे? जेथे कायदेशीर मार्ग आखलेलाच नाही तेथे बेकायदेशीर मार्ग रुळणारच. त्यात भर म्हणजे, कष्टाने वेगळा करून दिलेला कचरा गाडीत एकत्र ओतला जाताना ज्या गृहिणीने पाहिला, तिला दुसऱ्या दिवसापासून वर्गीकरण कर म्हणून सांगणे कठीण आहे.

दंडाचेही तसेच. दंड करण्याचा अधिकार आहे, पण तो करणार कोण? वाड्यावरच्या शे-दोनशे मतांवर निवडून येणारा पंच आपल्याच मतदाराला, बहुधा आपल्याच सोयऱ्याला पावती कशी फाडून देणार? मग कोठे तरी 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी लागते आणि काही दिवसांनी ढीग त्या पाटीला टेकून उभा राहतो. पाटीचा उपयोग एवढाच होतो की, कचरा टाकण्याची जागा नवख्या माणसाला अंधारातही सापडते.

आणि प्रकल्पाचा विषय निघाला की सारा गाव एक होतो. बायंगिणी असो, वेर्णा असो, नियोजित जागेचे नाव निघाले की विरोध ठरलेला. हा विरोध नुसता अडमुठेपणाचा आहे असे आम्ही मानीत नाही. सोनसोडो ज्याने पाहिला, साळगावकरांच्या दुर्गंधीविषयीच्या तक्रारी ज्याने ऐकल्या, त्याने सरकारच्या आश्वासनावर डोळे मिटून विश्वास का ठेवावा? विश्वास हा आदेशाने मिळत नाही. चालू प्रकल्प नीट चालवून, तेथील पाण्याची व हवेची तपासणी दरमहा गावाच्या चावडीवर लावून, तो मिळवावा लागतो. परंतु याच न्यायाने गावालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. दुसऱ्याचा कचरा आमच्या हद्दीत नको, असे जो गाव म्हणतो त्याचा स्वतःचा कचरा कोठे जातो? तो शेजारच्या गावाच्या हद्दीवर जात असेल, सड्याच्या पलीकडल्या उतारावर जात असेल, तर त्या विरोधाला नैतिक बळ राहत नाही. नाही म्हणण्याचा अधिकार आम्ही मान्य करतो. पण तो त्याच गावाचा, जो आपला ओला कचरा आपल्याच हद्दीत जिरवतो.

आणि हे अशक्य नाही. घरगुती कचऱ्यातील निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. समजा, एका पंचायतीत १,२०० घरे आहेत आणि प्रत्येक घरातून दिवसाला अर्धा किलो ओला कचरा निघतो. म्हणजे दिवसाला ६०० किलो, वर्षाला २१९ टन. हे २१९ टन मिसळून, गाडीत भरून, तालुके ओलांडून दूरच्या प्रकल्पात नेण्यासाठी डिझेल जाळायचे, की ज्या घरी परस आहे त्या घरी खड्ड्यात, जेथे सदनिका आहेत तेथे आवारातील पिंपात आणि बाजाराच्या ठिकाणी पंचायतीच्या शेडमध्ये त्याचे खत करायचे? राज्यातील १९१ पंचायतींपैकी ज्या ज्या हे करतील त्यांच्या गाड्यांत केवळ कोरडा, वास न येणारा, विकता येण्याजोगा माल उरेल. मोठ्या प्रकल्पांवरील भार हलका होईल, आणि त्यांना होणाऱ्या विरोधाचे मुख्य कारण जी दुर्गंधी, तिचेही बळ ओसरेल. शिवाय अंधारात सड्यावर नेऊन टाकावे असे घरात काही उरणारच नाही. कारण रात्री घाईने घर सोडणारी पिशवी ही वास येणारी पिशवी असते.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. गाडीचा वार आणि वेळ प्रत्येक वाड्यावर लिहून लावावी आणि ती न चुकता पाळावी. एखाद्या दिवशी गाडी आली नाही तर का आली नाही हे सांगण्यास कोणी तरी बांधील असावा. नोकरदारांसाठी सकाळी लवकर वा सायंकाळी एक फेरी असावी. गाद्या, मोडके सामान आणि राडारोडा यांसाठी महिन्यातून एक दिवस व तालुक्याला एक जागा मुक्रर करावी. घरबांधणीचा वा दुरुस्तीचा परवाना देतानाच राडारोडा कोठे जाणार हे लिहून घ्यावे. मोठ्या हॉटेलांचा आणि मंगल कार्यालयांचा परवाना त्यांनी आपल्या ओल्या कचऱ्याची सोय केल्याखेरीज नव्याने देऊ नये. सफाई कामगाराला हातमोजे, बूट आणि नियमित वेतन यांसाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये. दंडाचे काम पंचाच्या गळ्यात न बांधता तालुक्याच्या पथकाकडे द्यावे, आणि ते पथक दुसऱ्या तालुक्यातील असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दर तीन महिन्यांनी ग्रामसभेपुढे कचऱ्याचा हिशेब यावा: किती गोळा झाला, किती खत झाले, किती विकला गेला, उरलेला कोठे गेला आणि त्यावर किती खर्च झाला. रस्त्याच्या आणि दिव्यांच्या खर्चाचा हिशेब मागणारा गावकरी कचऱ्याचा हिशेब मागत नाही, तोवर कचरा अंधारातच हलत राहील.

राज्यघटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्तीने १९९३ सालापासून स्वच्छतेचा हा विषय गावाच्या आणि नगराच्या यादीत घातला. स्वराज्याचा सर्वांत खालचा पाया गावाचा आहे. स्वतःच्या घरातून निघालेल्या देठाची व्यवस्था ज्या गावाला लावता येत नाही, त्याने आपल्या जमिनी, आपली झाडे, आपल्या नद्या राखण्याची भाषा कोणत्या तोंडाने करावी? म्हादईच्या पाण्यासाठी आम्ही एक होतो आणि झालेच पाहिजे. परंतु त्याच पाण्यावरून जाताना पुलावरून पिशवी सोडणारा हातही आमच्यापैकीच एकाचा असतो, हे विसरता येत नाही.

१९५५ च्या मे महिन्यात सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत पाऊल टाकणारे सेनापती बापट तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. याच थोर पुरुषाने आयुष्यभर हाती झाडू घेऊन रस्ते झाडले आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. परक्यांची सत्ता उखडणे आणि आपल्या गावची घाण उचलणे ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती. आम्ही त्यांतील पहिल्या कामाचे सोहळे करतो. येत्या २ ऑक्टोबरला आणि १९ डिसेंबरला भाषणे होतील, ध्वज फडकतील, पुढाऱ्यांच्या हाती छायाचित्रापुरता झाडूही येईल. ते होवो. पण त्या दिवशी प्रत्येक गावाने आपल्या हद्दीवरील एक जागा, केवळ एक, साफ करून तेथे पुन्हा पिशवी पडणार नाही अशी व्यवस्था लावावी, आणि प्रत्येक घराने आपल्या स्वयंपाकघरात दुसरा डबा ठेवावा, एवढे मागणे आम्ही मागतो. पुढल्या वर्षी गवत वाळेल तेव्हा खाली काय दिसते, त्यावरून आमच्या स्वातंत्र्यप्रेमाची परीक्षा लोक करतील, आणि ती परीक्षा कोणत्याही भाषणाहून अचूक असेल.